तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

त्या रविवारी सकाळी मी चहाचा कप नुकता तोंडाला लावला होता, तेवढ्यात भावोजींची व्हॅन वर्कशॉपच्या फाटकातून आत आली. आली ती ठोके देत. ठक ठक ठक, कुणीतरी इंजिनाच्या आत अडकलंय आणि बाहेर काढा म्हणून सांगतंय, असा आवाज. मी कप तसाच खाली ठेवला.

"काही नाही रे, टॅपेट असतील," भावोजी उतरता उतरता म्हणाले. "तेवढं सेटिंग करून दे. उद्या फेरी आहे."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचे वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. ताई आणि भावोजींनी मला आपल्या घरी नेलं, शिकवलं, आणि शाळेत माझं डोकं चालत नाही हे दिसल्यावर भावोजींनीच ओळखीच्या मिस्त्रीकडे कामाला लावलं. माझं लग्न त्यांनी केलं. हे वर्कशॉप उभं राहिलं तेही त्यांच्याच धडपडीने. ते मला अजून अरे-तुरे करतात, आणि मी पन्नाशीला आलो तरी त्यांच्यासमोर आवाज चढवलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटल ऐंशी किलोमीटरवर, मध्ये लांबलचक चढ. भावोजींनी ट्रकवरची नोकरी सोडली आणि ही जुनी डिझेल व्हॅन घेतली. मागची सीट काढून तिथं ताईला आडवं होता येईल अशी गादी बसवली. मग आजूबाजूचे आणखी तिघे येऊ लागले: निवृत्त झालेले एक मास्तर, एक शिंपी आणि बँकेत नोकरी करणारी एक बाई. पहाटे पाचला निघायचं आणि संध्याकाळी गळून परत यायचं. ताई म्हणायची, "तुझ्याकडे गाड्यांचं ऑइल बदलतात, तिकडे आमचं. फरक एवढाच की आम्हाला आंघोळ करून जावं लागतं."

व्हॅनच्या मीटरचा आकडा चार लाख ब्याऐंशी हजारांवर अडकून पडला होता, आणि अडकूनसुद्धा दोन वर्षं झाली होती. पुढचं मोजायला कुणी नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. इंजिन गरम होतं. थंड इंजिनाचा ठोका गरम झाल्यावर कमी झाला, तर माणसाला थोडी आशा असते. पिस्टन जरा ढिला आहे, चालेल अजून काही दिवस. हा आवाज उलटा होता. "सकाळी सुरू केली तेव्हा कसा होता?" मी विचारलं.

"सकाळी कमी होता," भावोजी म्हणाले. "तापल्यावर वाढला."

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. वर टॅपेटच्या झाकणावर नुसती टिकटिक होती, साधी. मधे काही नाही. खाली, ऑइलच्या चेंबरच्या कडेला टेकवला तेव्हा ठोका थेट कानशिलात बसला.

मग एकेका सिलिंडरचं डिझेल तोडलं. बारीक नळीचा नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल पोचत नाही, त्याच्यावरचा जोर जातो. पहिला सैल केला, इंजिन थरथरलं, ठोका तसाच. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याचा नट सैल केला आणि ठोका जवळपास गेला.

"गेला!" भावोजी म्हणाले. "गुण आहे तुझ्या हाताला."

"गेला नाही भावोजी. सापडला."

ऑइल सोडलं ते पांढऱ्या तसराळ्यात. उन्हात नेऊन धरलं, तर काळ्या ऑइलवर सोनेरी चमक तरंगत होती, साडीच्या जरीचा चुरा सांडावा तशी. चुंबक फिरवला. एक कण चिकटला नाही. लोखंड असतं तर चिकटलं असतं. हा बेअरिंगचा धातू होता.

चेंबर खाली उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरमधल्या पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं धरतो, तिथं दोन अर्धगोल बेअरिंग असतात. ती झिजून पत्र्यासारखी झाली होती. पण माझी नजर क्रँकवर होती. त्याच्यावर ओरखडे पडले होते. मी नख फिरवलं, नख अडकलं.

"मग बेअरिंग बदल," भावोजी म्हणाले. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले होते, हातात टॉर्च धरून.

"क्रँकच खराब झालाय. नवं बेअरिंग टिकणार नाही."

"मग क्रँक घासून आण. मागं आणलास तसा."

"मागं तीनदा घासलाय. आता ह्याच्यापुढे घासला तर त्या मापाचं बेअरिंगच बनत नाही. आणि हे मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झाली."

त्यांनी टॉर्च विझवला. मी हात पुसून फोन करायला लागलो. भंगारवाले, जुन्या इंजिनांचे दुकानदार, दोन-तीन ओळखीचे मिस्त्री. एकाकडे क्रँक होता, पण तडकलेला. एकाने तर हसून विचारलं, "अजून चालते का ती गाडी?" दुसरी गाडी घ्यायची भावोजींची ऐपत नव्हती, माझीही नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे तो विषय कुणी काढला नाही.

शेवटी मी जे करायला नको होतं ते केलं. बारीक पॉलिश पेपरची पट्टी क्रँकला गुंडाळून दुपारभर ओढत बसलो. ओरखड्यांच्या कडा बोथट झाल्या, खोली गेली नाही. कपाटातल्या जुन्या डब्यांतून शोधून त्यातल्या त्यात बरी बेअरिंगची जोडी बसवली. सगळ्यात जाड ऑइल घातलं. चार वाजता चावी फिरवली.

इंजिन शांत. एकदम शांत.

भावोजींनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज गेला."

"आवाज गेलाय, भावोजी. दुखणं आहे तिथंच आहे. चाळीसच्या वर नेऊ नका, चढाला जास्त दाबू नका. आणि हे किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही."

"चालेल रे. आपण बाकीचं बघू."

तेवढ्यात मास्तर आले. व्हॅन बिघडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. उन्हातून चालत आल्यामुळे दम लागला होता. मी स्टूल दिलं. ते बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "माझ्या पुतण्याने नवी गाडी घेतलीय. मोठी आहे, सात माणसं बसतात. एका कारखान्याने त्याला वर्षभराचं काम देऊ केलंय, उद्या सकाळी त्यांना होकार कळवायचाय. मी त्याला म्हटलं, थांब जरा. आमची व्हॅन संपली असेल तर आम्हा चौघांना तू ने. माझ्या शब्दाखातर तयार आहे तो."

भावोजी उठून व्हॅनपाशी गेले आणि चावी फिरवली. "ऐका मास्तर. ऐका की. घड्याळाचा तरी आवाज येईल, हिचा येणार नाही."

मास्तरांनी मान कलती करून ऐकलं. मग माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही सांगा. तुम्ही आतून बघितलंय."

त्या क्षणी भावोजी माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यांच्या डोळ्यांत, रागही नव्हता. तीन वर्षं त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टर बोलायचे ते त्यांना अर्धं कळायचं, घरी ताईचं पथ्यपाणी शेजारीण बघायची. त्यांच्या हातात होती ती एवढी फेरी. ती मी त्यांच्या हातातून काढून घ्यायची होती, आणि तीही परक्या माणसासमोर.

"सध्या तरी ठीक आहे," मी म्हणालो.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मग पुतण्याला सांगतो, घे म्हणावं कारखान्याचं काम." ते हळूहळू फाटकाबाहेर गेले. मी त्यांच्या मागे जाऊ शकलो असतो. वळणापर्यंत त्यांना पोचायला पाच मिनिटं तरी लागली असतील. मी पाने-पक्कड पुसत बसलो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीन फेऱ्या बिनबोभाट झाल्या. पुढच्या सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. "तुझा ठोका परत आला बघ. ह्यांनी रेडिओ मोठा केला, पण पाठीला लागतो ना गादीतून."

मी लगेच भावोजींना फोन द्यायला सांगितलं. "भावोजी, गाडी उभी करा. आता एक फेरीसुद्धा नको."

"परवा तिला कशात नेऊ? तू सांग."

 मास्तरांच्या पुतण्याची गाडी त्याच सोमवारपासून कारखान्यात जायला लागली होती.

बुधवारी सकाळी सव्वासहाला भावोजींचा फोन आला. एवढंच म्हणाले, "चढावर आहे. ये."

मी जीप काढली. पोचलो तेव्हा व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या मागे शंभरेक पावलांवरून ऑइलचा काळा पट्टा येत होता. खाली वाकलो. तिसऱ्याचा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. भोकात माझी मूठ गेली असती. भावोजी दगडावर बसले होते, मांडीवर हात, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी काय दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता कोण जाणे.

एका गाडीवाल्याने दोघांना जागा दिली होती. ताईने मास्तरांना आणि बँकेतल्या बाईंना बसवून दिलं. ती आणि शिंपी गादीवर बसून होते. ताईचे पाय सुजले होते. मी दोघांना जीपमध्ये घेतलं आणि हाकली तशी हाकली, तरी पोचेपर्यंत त्यांची वेळ टळली होती. मशिनवर दुसरे पेशंट झोपले होते. शिंप्याला रात्रीच्या पाळीत घेतलं. ताईला म्हणाले, शुक्रवारी या.

माझी जीप कामाची, तिला मागे टपही नाही, तरी शुक्रवारी तीच नेली. धक्क्यांनी ताईला वाटेत दोनदा उलटी झाली. "नको रे पुन्हा ह्याच्यात," ती म्हणाली. मग बस. दोन बस बदलायच्या, मध्ये पाऊण तास उभं राहायचं, येताना चक्कर, रक्तदाब खाली. महिनाभरात ती आठवड्यातून दोनदाच जाऊ लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असं चालणार नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे हो," आणि पुढच्या शुक्रवारीही घरीच राहिली.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. भावोजी औषधं आणायला गेले होते.

"मास्तरांना तू ठीक आहे म्हणालास," ती म्हणाली. "तेव्हा होती का रे ठीक?"

"नाही."

 श्वास घेताना तिच्या छातीत पाणी वाजायचं, बाहेरूनही ऐकू यायचं.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते म्हणतात, मी चढाला जरा जास्त दाबली म्हणून. त्यांना तसंच वाटू दे, की सांगायला हवं? मला कळत नाही बाई." मग थांबून म्हणाली, "पायाखाली ती उशी सरकव."

मी उशी सरकवली.

चौथ्या महिन्यात ती गेली, मंगळवारी सकाळी. शिंपी मुलीकडे शहरात राहायला गेला. मास्तर अजून बसने जातात. भेटले की थांबून माझ्या मुलांची चौकशी करतात, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

भावोजी आता माझ्याकडेच राहतात. सकाळी माझ्याबरोबर वर्कशॉपला येतात, स्टुलावर बसतात, गिऱ्हाईक आलं की पाणी देतात. त्या चढावर आपण गाडी जास्त दाबली, हे त्यांनी मला आजवर किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. मी दरवेळी ऐकून घेतो. परवा पुन्हा म्हणाले, "तू चाळीस सांगितलं होतंस. मी पन्नासवर होतो रे, पन्नासवर."

"जेवायला चला, भावोजी," मी म्हणालो.