न सांगितलेला आवाज

रश्मीने आपल्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती इंटरनेटवर चढवली आणि खुर्चीतच अंग ताणलं. रेकॉर्ड केलेल्या वाक्यांतून मराठी मजकूर बोलून दाखवणारा तिचा हा प्रोग्राम कितीतरी जण आपापल्या कामात जोडून घेत. कॉलेजात असताना तिने त्यासाठी आईलाच, मनकर्णाबाईंना, माइकसमोर बसवलं होतं. आवाज कोणता ते कुणी सांगितलं नाही, तर आईचाच लागायचा. त्यांच्या वडसा गावच्या अस्सल बोलीतला. नव्या आवृत्तीत तिथे स्टुडिओतला घोटीव आवाज होता. जुना हवा असेल त्याने सेटिंगमध्ये तसं लिहावं, एवढंच.

दोन दिवसांनी भामरागडहून इसरूचा फोन आला. नदी चढली की गावोगाव फोनवर इशारा देणारी सोय त्याने याच लायब्ररीवर उभी केली होती. त्या सोयीने नवी आवृत्ती आपसूक उचलली होती.

"ताई, काल पुलावर पाणी आलं. फोन सगळ्याईले गेले, पण कोणी ऐकलंच नाई."

"काऊन? लाइन नव्हती का?"

"लाइन होती. नवी बाई 'नमस्कार' म्हणे न लोक फोन कट करे. त्याईले वाटलं, जाहिरात हाय."

रश्मी उभीच राहिली. "कोणी गेलं का पुलावर?"

"आमच्या गावची बुधरीबाई निंघाली होती. मी धावत जाऊन वापस आणलं, तं मलेच शिव्या देल्या." इसरू हसला. "फोनवर जुनी बाई बोलली का बुधरीबाई तिले उत्तर देते, ताई. 'हो बाई, घरीच हाओ' म्हणते."

रश्मीने तिथल्या तिथे बदल मागे घेतला. स्टुडिओचा आवाज आता ज्याला हवा त्याने मागायचा. सोबतच्या टिपणात तिने लिहिलं : ज्यांनी काहीच सांगितलं नाही, त्यांचं होतं तसंच चालेल.

मग ती अंगणात आली. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, पाणी उतरल्याचं वाक्य आपल्याजवळ नाई. बोलून देतं का? भामरागडले पायजे."

बुधरीबाईचं सगळं ऐकून मनकर्णाबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या तोंड धुऊन, केस विंचरून, नवं लुगडं नेसून.

"आई, नुसता आवाज पायजे."

"असू दे. लाव तुही मशीन."

रश्मीने लिहून दिलेल्या वाक्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बुधरीबाई," त्या म्हणाल्या, "पाणी उतरलं वो. आता जाय, पण जपून."

रश्मीने मध्येच थांबवण्यासाठी उचललेला हात हळूच खाली घेतला.