नळीचं तोंड

ज्ञानोबांनी गजाचा तिसरा तुकडा पिळून घट्ट केला, टोकाला ब्रश चढवला आणि तो रायफलच्या नळीच्या तोंडातून आत सारला. पोलादावर पोलाद घासल्याचा बारीक आवाज आला. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या अहिल्येनं खांदे आक्रसले.

"आप्पा, मॅडम म्हणतात, बोल्ट काढून गज मागच्या बाजूनं..."

"मॅडमना नेम शिकवू दे." ज्ञानोबांनी मान वर केली नाही. "सव्वीस वर्षं रायफली साफ केल्यात मी. बर्फात केल्यात, वाळूत केल्यात. तू चिंध्या काप."

अहिल्या चिंध्या कापू लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

रायफल क्लबची होती. पॉइंट टू-टू, जर्मन बनावटीची, लांब आणि जड. दर रविवारी बापलेक नोएडाहून दोन बस बदलून दिल्लीतल्या या रेंजवर येत. अहिल्या दुपारपर्यंत नेमबाजी करी. मग रेंजच्या मागच्या पडवीतल्या टेबलांवर सगळी पोरं आपापल्या रायफली साफ करायला बसत. तिथं ज्ञानोबांचा दरारा होता. "साहेब, माझा पट्टा जरा बघता?" "सूबेदार साहब, मेरा भी." ते एकेकाजवळ जात, रायफलचा पट्टा आवळून देत, कोपर कुठं टेकवायचं ते दाखवत.

सोमवारपासून शनिवारपर्यंत ते नोएडातल्या एका नव्या काचेच्या इमारतीच्या दारात उभे असत. आत टीव्हीचं चॅनेल होतं. सिक्युरिटी सुपरवायझर असं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, पण ती कुणी वाचत नसे. अहिल्येहून चारपाच वर्षांनी मोठी पोरं गाडीतून उतरत, किल्ली त्यांच्याकडे टाकत आणि "भैया, साइड में लगवा देना" म्हणून आत जात. एकदा किल्ली झेलायची राहिली, तेव्हा ती उचलायला ज्ञानोबाच वाकले होते. त्या वेळी अहिल्या त्यांचा विसरलेला डबा घेऊन फाटकापाशी आली होती.

गज त्यांनी स्वतः निवडून आणला होता. बंदुकांच्या दुकानात तेव्हा बाहेरचा माल नुकताच दिसू लागला होता. दुकानदारानं काउंटरवर दोन गज ठेवले. एक लांबलचक, अखंड, वर प्लॅस्टिकचा मऊ थर असलेला. त्याच्यासोबत एक पोकळ नळकांडं होतं. बोल्ट, म्हणजे रायफलची मागची सरकती खीळ, काढून ते मागून बसवायचं, म्हणजे गज मधोमध जातो आणि कुठं घासत नाही. दुसरा तीन तुकड्यांचा, उघड्या पोलादाचा, पिळून जोडायचा.

"सूबेदार साहब, टू-टू के लिए पहलावाला लीजिए. इसकी नली नाज़ुक होती है."

ज्ञानोबांनी अखंड गज हातात धरून हलवला. तो लवला. फौजेत त्यांनी दोरीला चिंधी बांधून नळ्या ओढल्या होत्या. असली नाजूक वस्तू त्यांना शोकेसमधली वाटली. शिवाय एवढा लांब गज बसमध्ये धरायचा कसा?

"यह तो खिलौना है," ते म्हणाले आणि तीन तुकड्यांचा गज पिशवीत घालून निघाले.

दिवाळीनंतर अहिल्येचे गुण उतरू लागले. आधी गोळ्या कशा एकाच भोकात बसल्यासारख्या बसत, आता त्या काळ्या वर्तुळात विखुरल्या. निवड चाचणी जवळ आली होती. ज्ञानोबांनी तिचं मैत्रिणींकडे जाणं बंद केलं. रोज सकाळी गच्चीवर तिच्या ताणलेल्या हातात वीट द्यायला सुरुवात केली. हात थरथरला की ते म्हणत, "बघ. इथंच आहे सगळं."

एका रविवारी पडवीत, सगळ्या पोरांसमोर, त्यांनी तिचं कागदी टार्गेट वर धरलं.

"याला नेम म्हणतात? रायफल चुकत नसते, मारणारा चुकतो. मन थाऱ्यावर नसेल तर घरी भाकऱ्या थाप."

पोरं आपापल्या टेबलांकडे बघू लागली. अहिल्येनं त्यांच्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात प्रशिक्षक चंद्रप्रभा मॅडमनी ती रायफल स्वतः शिकंज्यात घट्ट आवळून झाडून पाहिली. मग बापलेकीला ऑफिसात बोलावलं. क्लबचे सेक्रेटरीही तिथं होते. मॅडम मूळच्या नागपूरच्या. एरवी मराठी माणूस भेटलं की खुलत, पण आज त्यांनी नुसतं भिंग पुढं केलं.

"सुभेदारसाहेब, नळीचं तोंड बघा."

ज्ञानोबांनी पाहिलं. तोंडाची गोल कड एका बाजूला खाल्ली गेली होती. तिथंच गजाच्या जोडांनी काढलेले ओरखडे चकाकत होते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते, आणि कड वाकडी तर गोळी वाकडी, हे समजायला त्यांना मॅडमची गरज नव्हती.

"पुढून गज घातलाय कुणीतरी. तोही सांध्यांचा, पोलादी," मॅडम म्हणाल्या. "ही रायफल साफ कोण करतं?"

 ज्ञानोबांच्या तोंडाशी शब्द आला होता. सेक्रेटरी पेन हातात घेऊन बघत होते.

"मी," अहिल्या म्हणाली.

ज्ञानोबांनी भिंग टेबलावर ठेवलं. ते नीट सरळ ठेवण्यात त्यांनी बराच वेळ घालवला.

रायफल दुरुस्तीला गेली. या मोसमात अहिल्येला क्लबची दुसरी रायफल मिळणार नाही, असं ठरलं. चाचणी तिच्याविना झाली. त्या दिवशी ऑफिसातून निघाल्यावर परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिला झोप लागली, किंवा तिनं तसं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं गच्चीवर गेली. ज्ञानोबा जिन्यात थांबले. वर जाऊन तिच्या हातातली वीट काढून घ्यावी एवढंही त्यांना जमलं नाही. ते चहा न घेताच ड्यूटीवर गेले.

बुधवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि एकटेच क्लबात गेले. चंद्रप्रभा मॅडम पडवीत टार्गेटं लावत होत्या. ज्ञानोबा त्यांच्यासमोर सावधान उभे राहिले, जसे कधीकाळी कंपनी कमांडरसमोर राहत.

"मॅडम, ती रायफल मी खराब केली. पोरीनं नाही."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी गठ्ठ्यातून आणखी एक टार्गेट काढलं.

"मी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, गज मागून घालायचा. ती एकदा सांगितलेलं विसरत नाही. पण चारचौघांत 'मी' म्हणाली, मग शिक्षा तिलाच द्यावी लागली. नंतर एकटीला गाठून विचारलं, आप्पांना अडवलं का नाहीस?"

"काय म्हणाली?"

मॅडमनी हातातली टार्गेटं खाली ठेवली.

"म्हणाली, एकदा सांगून बघितलं. मग विचार केला, आठवड्यातून एकदाच त्यांना सगळे साहेब म्हणतात."

मैदानावर कुणीतरी सराव करत होतं. गोळीचा आवाज झाला, मग दुसऱ्या गोळीचा. ज्ञानोबांना बसायचं होतं. बाकडं दोन पावलांवर होतं, पण ते उभेच राहिले.

"दुरुस्त होऊन आली की रायफल तिला देईन," मॅडम जरा मऊपणानं म्हणाल्या. "यंदाची निवड मात्र गेली."

फेब्रुवारीच्या एका रविवारी रायफल आली. ज्ञानोबांनी त्याआधी दुकानात जाऊन अखंड गज आणला होता, नळकांडं आणलं होतं, मापाचं पितळी टोक आणि मऊ सुती चकत्या आणल्या होत्या. दुकानदार काही बोलला नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं. बसमध्ये गज उभा धरून ते दारापाशी उभे राहिले. "अंकल, भाला है क्या?" कुणीतरी विचारलं.

दुपारी पडवी भरलेली होती. ज्ञानोबांनी रायफल टेबलावर ठेवली, हत्यारं मांडली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

"मला येत नाही हे," ते म्हणाले. "शिकव."

अहिल्येनं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलांवरची पोरं थांबली होती. ती खाली वाकली आणि त्यांच्या कानापाशी येऊन कुजबुजली, "आप्पा, आधी बोल्ट काढा."

ज्ञानोबांचे कान लाल झाले होते. त्यांनी बोल्टला हात लावला नाही.

"असं नाही," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग."