सव्वीस हिवाळे कोरडे

ऑरिन कोगरची परीक्षा जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता नदीवर सुरू झाली, आणि परीक्षक होती त्याची पोटची पोरगी. बासष्टाव्या वर्षी माणसाने कसल्या परीक्षा द्यायच्या? पण अमेरिकेतल्या स्कॅजिट नदीवरची राफ्टची, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्यांची, ती छोटीशी कंपनी त्यानेच चार वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने कॅरिनच्या नावावर करून दिली होती. आता मालकीणबाईंचं म्हणणं असं, की बाबांचे गुडघे कामातून गेलेत, तेव्हा पुढच्या हिवाळ्यापासून त्यांनी वल्ही खाली ठेवावीत आणि पाहुण्यांची गाडी चालवावी.

"गाडी कोण चालवतं ठाऊक आहे ना?" ऑरिन फणकारला होता. "ज्याला नदी झेपत नाही तो."

"तुला झेपते का ते बघू," कॅरिन म्हणाली. "शनिवारी मी तुझ्या राफ्टमध्ये पाहुणी म्हणून बसते. एक जरी गोष्ट चुकली, तरी तू गाडीवर."

म्हणून ती आज पुढच्या टोकाला बसली होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणि पेन्सिल घेऊन. बाकीचे पाहुणे तीन. टकोमाहून आलेले लिंडक्विस्ट नवरा-बायको, ज्यांनी अंगावर इतके कपडे चढवले होते की कोपरं वाकत नव्हती. आणि मिसेस प्रूएट, निवृत्त शाळामास्तरीण, दिसेल तो गरुड वहीत टिपून ठेवणाऱ्या. हिवाळ्यात या नदीवर लोक गरुडांसाठीच येतात. अंडी घालून मेलेले सॅमन मासे काठच्या गोट्यांवर पडलेले असतात आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड त्यांच्यावर ताव मारत असतात. वासाबद्दल जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

"नियम दोनच," ऑरिनने राफ्ट पाण्यात ढकलता ढकलता सांगितलं. "पहिला, उभं राहायचं नाही. दुसरा, काहीही झालं तरी उभं राहायचं नाही."

कॅरिनने कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"पुढे बघ, बाबा."

"माझ्या वर्गात परीक्षेच्या वेळी कुणी बोलत नसे," मिसेस प्रूएट म्हणाल्या. त्यावर ऑरिन खरोखरच गप्प बसला.

त्याला धास्ती वाटायला कारण होतं. या नदीवरच्या राफ्टवाल्यांची एक रीत आहे. जो पाण्यात पडेल त्याने शेवटच्या काठावर, सगळ्यांदेखत, पायातला ओला रबरी बूट काढायचा, त्यात बिअर ओतायची आणि ती घशाखाली घालायची. पाहुणा पडला तर त्याला माफी, पण मग ज्याची राफ्ट त्याने प्यायची. ऑरिन या रीतीच्या बाबतीत इतका कडक, की काठावर पाय घसरून गुडघाभर पाण्यात बसकण मारलेल्या हॉबला, कंपनीतल्याच दुसऱ्या राफ्टवाल्यालाही, त्याने सोडलं नव्हतं. स्वतः मात्र सव्वीस हिवाळ्यांत एकदाही प्यायला नव्हता, आणि हे समोरच्याने विचारायची तो कधी वाट बघत नसे.

दोन तास त्याने राफ्ट अशी नेली की लिंडक्विस्टांच्या थर्मासातला कॉफीचा थेंब सांडला नाही. उजवा गुडघा आतून ठणकत होता, पण चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही. कॅरिनची पेन्सिलही थंडावली होती. आणखी अर्धा मैल, एक वळण, की पास.

वळणावर एका गरुडाने आपल्याहून जड मासा उचलायचा घाट घातला होता. मासा सुटत नव्हता आणि उडणंही जमत नव्हतं. बिचारा पंखांनी पाणी बडवत नदीतून चक्क पोहत निघाला होता.

"थांब, थांब, हा फोटो आपल्या वेबसाइटला—" असं म्हणत कॅरिनने खिशातून फोन काढला आणि ती ताडकन उभी राहिली.

त्याच क्षणी पाण्याखालचं एक लाकूड चुकवायला ऑरिनने डाव्या वल्ह्याचा हिसका दिला. राफ्ट वळली, कॅरिन वळली नाही. ती पाठमोरी पाण्यात गेली.

ऑरिनने वल्ही सोडली, गुडघा कडेला रोवला, तिच्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरले आणि एका हिसड्यात तिला आत ओढली. ती मिस्टर लिंडक्विस्टांच्या मांडीवर येऊन पडली. गुडघ्यातून असा आवाज आला की मिसेस प्रूएट गरुडांचा आकडा विसरल्या.

"लाकूड दिसलं नाही का तुला?" केसांतून पाणी गाळत कॅरिनने विचारलं. अंगातल्या रबरी पोशाखामुळे ती आतून कोरडी होती, पण दात वाजत होते.

"दिसलं. म्हणूनच वळवली."

"मग सांगायचं ना."

"नियम सांगितले होते. दोन."



शेवटच्या काठावर हॉब आणि त्याचा जोडीदार टीग पाहुण्यांसाठी सूपची पातेली मांडून उभे होते. मालकिणीचे ओले केस बघताच दोघांचे चेहरे असे फुलले की सूप ढवळायचं राहिलं. ऑरिनला त्यामागचं कारण माहीत होतं. मागच्याच आठवड्यात हॉबचा एक पाहुणा राफ्टमध्ये उभा राहिला, म्हणून कॅरिनने हॉबला चारचौघांत धुऊन काढला होता. ती स्वतःच उभी राहिली हे आता कळलं, तर या काठावर तिचा शब्द कुणी ऐकणार नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसत होती.

"काय हो म्हातारबा, काय झालं?" हॉबने विचारलं.

"लाकडावर घातली मी," ऑरिन म्हणाला. "दिसलंच नाही. डोळे गेले बहुतेक."

मिसेस प्रूएट चूक सुधारायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्टर लिंडक्विस्टांनी त्यांच्या पायावर पाय दिला. या एका वाक्यात आपली वल्ही गेली, हे ऑरिनला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याला फार वाईट वाटलं. तो राफ्टच्या कडेवर बसला आणि बूट काढू लागला. टीगने अदबीने बिअर ओतली.

त्याने बूट तोंडाला लावायच्या आत कॅरिनने तो हिसकावून घेतला.

"मी उभी राहिले होते," ती म्हणाली. "फोटो काढायला."

"पण मालकीणबाई, पाहुण्यांना माफी असते," हॉब म्हणाला. तो इतका खूश होता की त्याला तिला खरोखरच माफ करावंसं वाटत होतं.

"मी कसली पाहुणी?" कॅरिन म्हणाली आणि तिने बापाचा बूट तोंडाला लावला. अर्ध्यात तिला ठसका लागला. डोळे पुसत, तोंडातली वाळू थुंकत ती ऑरिनच्या शेजारी बसली.

"हा कधी धुतला होतास?"

"मागच्या—"

"नको सांगूस." ती अजून खोकत होती. "पुढच्या हिवाळ्याआधी तुला नवे घेऊ. हे घालून वल्हवणार असशील तर मी तुझ्या राफ्टमध्ये पाऊल टाकणार नाही."

ऑरिनने तिच्या हातातून बूट घेतला आणि उरलेली बिअर पिऊन टाकली.