अर्धा स्वर खाली

दुपारी चारला जपानमधल्या निइगाता शहराच्या सभागृहात शिरताना आम्ही सगळ्यांनी एकमेकांना "शुभ सकाळ" म्हटलं. गाण्याच्या धंद्यात दिवस आम्ही आलो की सुरू होतो. तासाभरात, तालमीत, आमच्या गायिका नागिसा-सानांचा आवाज फाटला. त्यांच्या सर्वांत जुन्या गाण्यातल्या शेवटच्या उंच स्वरावर.

"ज्या दिवशी हे मूळ पट्टीत जमणार नाही, त्या दिवशी गाणं सोडीन," असं त्यांनी तिशीत एका मुलाखतीत सांगितलं होतं. आता त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि चाहत्यांना ते वाक्य पाठ होतं.

व्यवस्थापक उशिजिमा-सानांनी मला बाजूला घेतलं. इलेक्ट्रिक पियानोची जबाबदारी माझी.

"तोमोए, पट्टी बदलायचं बटण आहे ना? त्या गाण्यापुरता अर्धा स्वर उतरव."

"त्यांना कळेल. चमचा पडला तरी त्या स्वर ओळखतात."

"कळलं तर शिव्या मी खाईन. भौतिकशास्त्र शिकलीस, एक बटण दाबवत नाही?"

दाबलं.

कार्यक्रम संपला. प्रेक्षकांचं पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्या एकट्याच पियानोवर बसल्या. पहिले स्वर वाजवले आणि थांबल्या. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, तेच स्वर पुन्हा वाजवले. उशिजिमा-सान रुमाल पिळत होते.

मग त्या तेच जुनं गाणं गायल्या. उंच स्वर स्वच्छ लागला.

पडद्यामागे येताच त्यांनी विचारलं, "पियानोला काय केलंस?"

"नागिसा-सान, ते काय झालं..." उशिजिमा-सान मध्ये पडले.

"तुम्हाला नाही विचारलं."

"अर्धा स्वर उतरवला," मी म्हणाले.

त्या एका पेटीवर बसल्या. "दहा वर्षं हा पियानो मला चढा लागतोय. बोलले नाही. म्हणाला असतात, म्हातारीचे कान गेले. आज बरोबर लागला."

"वयानुसार असं होतं," मी म्हणाले. " इतका पक्का कान असणाऱ्यांना स्वर हळूहळू वरचा ऐकू येऊ लागतो."

"म्हणजे पियानो जागेवरच होता. मीच सरकले."

बाहेर टाळ्या एका लयीत पडू लागल्या होत्या.

"बटण पूर्ववत करू?"

"राहू दे. आधी त्यांना सांगते."

"ती मुलाखत लोक विसरलेले नाहीत हो," उशिजिमा-सान पुटपुटले.

"मीही नाही."

त्या माइकसमोर गेल्या. "मघाचं गाणं मी अर्धा स्वर खाली गायले. यापुढे तसंच जमेल. तरी ऐकणार असाल, तर अजून एक वाजवते."

टाळ्या थांबल्या. मी सेकंद मोजले. एक, दोन, तीन, चार.

वरच्या सज्जातून एका बाईचा आवाज आला, "वाजवा की लवकर. शेवटची गाडी चुकेल आमची."