वाळवंटात उतरलेला कळप

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, मुंजाबाची मेंढरं जिथं पिढ्यानपिढ्या चरत आली तिथं त्या वर्षी प्लॉटांचे पिवळे दगड उभे राहिले. जे थोडं माळरान उरलं होतं तेही तारेच्या कुंपणात गेलं. त्यात सलग दुसरा दुष्काळ. नव्या बिल्डिंगांना टँकर यायचा, त्याच्या गळक्या नळाखाली मेंढरं तोंडं लावायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्यांना हुसकायचा. शेवटी मुंजाबानं ठरवलं, बिऱ्हाड उचलायचं, कळप घेऊन गोदाकाठाला उतरायचं आणि पाऊसकाळ होईपर्यंत तिकडंच राहायचं.

बिऱ्हाड म्हणजे तो स्वतः, बायको बानाबाई, थोरला अजिनाथ आणि बारावी झालेली रत्नमाला. बानाबाईचे गुडघे धरलेले, त्यामुळं कोकरं सांभाळायला रत्नमालाच हवी होती. पण रत्नमालाचं मन भलतीकडंच होतं. शहराच्या छावणी भागातल्या एका फोटो स्टुडिओत ती कामाला जायची. पासपोर्टच्या फोटोंमधले डाग पुसायचे, हळदीच्या फोटोतल्या नवरीमागं गुलाबाची बाग लावायची, हे काम. शहरात एक संस्था होती, तिथं फोटो आणि चित्रं संगणकावर घडवायचा वर्षभराचा वर्ग चालायचा. त्या वर्गातली एक जागा अचानक रिकामी झाली होती.

"एक जागा, आन् मागणारे किती?" मुंजाबानं विचारलं होतं.

"लई हायेत, आबा."

"मग ऐक. नंबर लागला तर शहरातल्या भागूआत्याकडं ऱ्हा आन् शीक. नाय लागला तर गुमान कोकरं हाकायची. मधलं काय नाय."

"मंजूर," रत्नमाला म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

परीक्षा नेमकी कळप निघायच्या दिवशीच आली. वर्गाचे पुंडलिक सर उंच, सडपातळ, आवाज मऊ पण नजर शिंप्याच्या सुईसारखी. त्यांनी सगळ्यांच्या संगणकावर एकच फोटो टाकला. वाळवंट. लांबवर वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर वाऱ्यानं ओढलेल्या लाटा, वर निळं आकाश आणि त्यात एकच पातळ ढग, पिंजलेल्या लोकरीच्या पेळूसारखा. समोरून एका उंटाच्या पावलांची रांग निघालेली, ती लहान होत होत थेट क्षितिजाला भिडलेली.

"या फोटोतून नवं काहीतरी घडवा," सर म्हणाले. "आकार बदला, रंग बदला, काय हवं ते करा. नियम एकच. बाहेरचा दुसरा फोटो आणायचा नाही. जे करायचं ते याच वाळूतून आणि याच आकाशातून."

शेजारी सत्यम नावाचा पोरगा बसला होता, टीव्ही सेंटर भागात राहणारा, तोंडानं भारी फटकळ. त्यानं दोन मिनिटांत वाळू लालभडक केली. "मंगळ ग्रह," तो रत्नमालाला म्हणाला. "तुझं काय? गुलाबाची बाग?"

रत्नमालानं मान खाली घातली, कारण ती तेच करत होती. हात सवयीचे गुलाम असतात. स्टुडिओत नवरीमागं हिरवळ लावतात तशी तिनं वाळूवर हिरवा रंग फासला होता. दिसायचं कसं, तर कुणीतरी बुरशी लागलेली भाकरी वाळत घातल्यासारखं. तिनं ते सगळं पुसलं. घड्याळाकडं पाहिलं. अर्धी वेळ गेली होती. तिकडं पडेगावला आबा तंबूच्या दोऱ्या वळत असणार.

ती हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. वाळूवरच्या त्या लाटा तिला ओळखीच्या वाटू लागल्या. घोंगडीची वीण अशीच दिसते. तिची माय नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायची आणि ती अंगणात पसरून आधी एका टोकाला उभी राहून बघायची, मग फिरून दुसऱ्या टोकाला जायची. "इकडून समदं सारखं दिसतं," ती म्हणायची. "तिकडून बघितलं की कुटं उचललंय, कुटं दबलंय ते कळतं."

रत्नमालाला दुसऱ्या टोकाला जायचं होतं. फोटोभोवती फिरून जाता येत नाही. मग तिनं फोटोच फिरवला. वरचं खाली, खालचं वर.

आणि ती खुर्चीत सरळ झाली.

इथं जरा थांबून हे नीट समजून घेऊ. आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय असते की ऊन वरूनच पडतं. म्हणून फोटोतल्या एखाद्या गोष्टीची वरची बाजू उजळ आणि खालची काळी असेल तर डोळा म्हणतो, हा उंचवटा. तोच फोटो उलटा केला की उजेड खाली जातो, सावली वर येते, आणि तोच डोळा म्हणतो, हा खड्डा. कधी घरात करून बघा, वाटीचा फोटोसुद्धा चालेल.

तर वाळूच्या टेकड्या एकाएकी खोलगट झाल्या. उतारच उतार. ते सगळे उतार खाली जात होते आणि खाली, जिथं आता आकाश आलं होतं, तिथं निळंशार काहीतरी काठोकाठ भरलेलं होतं. उंटाची पावलं आता दूर जात नव्हती. ती वरून खाली, त्या निळ्याकडं उतरत होती.

"काय गं, मान आखडली क्या?" सत्यम म्हणाला. "फोटो उलटा टांगलास."

"व्हय. तू आपला मंगळ बघ."

आता तिचे हात चालू लागले. वाळूचा पिवळा रंग तिनं उतरवला आणि त्या जागी आपल्या रानाची काळी-तांबूस छटा चढवली. पावलं खाली लहान होत गेली होती, ते बरोबर नव्हतं, जवळची पावलं मोठी हवीत. म्हणून तिनं वाळूची खालची बाजू ओढून रुंद केली. उंट एकटा चालतो, मेंढरं कधी एकटी चालत नाहीत. तिनं एका पावलाची नक्कल केली, ती लहान केली, मग तिच्या नकला, नकलांच्या नकला, थोड्या तिरक्या, थोड्या एकमेकींवर चढलेल्या, तहानलेला कळप पाण्याच्या वासानं धावतो तेव्हा उमटतात तशा. वाळूच्या दोन लाटा उचलून तिनं निळ्यावर पुसट ठेवल्या. तो पातळ ढग पुसायला तिचं बोट गेलं होतं, स्टुडिओत असलं काही ठेवत नाहीत. पण ढग आता पाण्यावर वाऱ्यानं उठलेल्या फेसासारखा दिसत होता. तिनं तो राहू दिला.

वेळ संपली. सरांनी एकेक चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. सत्यमच्या मंगळाला टाळ्या पडल्या. मग रत्नमालाचं चित्र आलं. एक मोठं तळं, आणि त्यात उतरलेल्या शेकडो पावलांचा लोट. मेंढरू एकही नाही.

पुंडलिक सर पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग वळले.

"रत्नमाला, नियम काय होता?"

"बाहेरचं काही आणायचं नाही."

"मग हे तळं कुठून आलं?"

"फोटोतलंच आहे, सर."

"त्या फोटोत तळं होतं? मला कसं दिसलं नाही?" कुणीतरी हसलं. "लेअर उघड बरं."

संगणकावर चित्र करताना प्रत्येक बदल जणू वेगळ्या पारदर्शक कागदावर होतो, त्याला लेअर म्हणतात. ते उघडले की कुठून काय आलं ते दिसतं. पण छावणीतल्या स्टुडिओचा संगणक म्हातारा, लेअर जास्त झाले की अडून बसायचा आणि मालक ओरडायचे, "चिकटव गं सगळं!" त्या सवयीनं रत्नमालानं शेवटी सगळे लेअर एक करून टाकले होते.

"चिकटवले, सर," ती कसंबसं म्हणाली.

"म्हणजे दाखवायला काही नाही."

"सर, हिनं फोटो उलटा केलेला मी पाहिलाय," सत्यम मधेच बोलला.

"तू मंगळावर होतास ना? तिथंच थांब." सरांनी यादीवर पेन टेकवलं. "बाळ, चित्र सुंदर आहे. पण नियम मोडला असेल तर मी जागा देऊ शकत नाही."

रत्नमालाच्या कानात कोकरांचं ओरडणं घुमलं. मग ती उठली, परवानगी न विचारता पुढं गेली आणि सरांच्या संगणकाचा माऊस हातात घेतला.

"सर, तुम्ही दुसऱ्या टोकाला या," ती म्हणाली आणि तिनं चित्र फिरवलं.

तळं उचललं गेलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते वर गेलं आणि आकाश झालं. खोलगट उतार फुगून वाळूच्या टेकड्या झाल्या. शेजारी तिनं मूळ फोटो लावला. दोन्हींत तोच पातळ ढग, त्याच जागी, तसाच पिंजलेला.

"आयला!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळा वर्गच ओरडायला लागला. "परत फिरव! परत फिरव!" तिनं परत फिरवलं. तळं. पुन्हा फिरवलं. आकाश. सत्यम खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारत होता आणि त्याला खाली उतर म्हणायचं सरांना सुचतच नव्हतं. ते चष्मा काढून पुसत होते.

"मी इतकी वर्षं शिकवतोय," शेवटी ते म्हणाले, "आणि आज भर वर्गात माझ्या डोळ्यांनी मला फसवलं. जागा तुझी. आणि यापुढं लेअर चिकटवलेस तर बघ!"

मुंजाबा संस्थेच्या फाटकाशी उभा होता. डोक्याला पटका, पायात धुळीनं पांढरी झालेली वहाण. कळप निघायच्या बेतात होता आणि तो पोरीला न्यायला आला होता.

"काय झालं?"

"लागला, आबा. नंबर लागला!"

"खरं का?" त्यानं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "दाव बरं, काय काढलंस ते."

तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं. मुंजाबानं ते उन्हापासून तळहातानं झाकून धरलं.

"मोठा कळप हाय," तो म्हणाला. "तहानलेला. पुढची थांबलीच नायत, थेट घुसलीत." मग मान वर केली. "कुटं हाय हे पाणी? ह्या साली एवढं पाणी कुटंच नाय. सांग, तिकडंच नेतो कळप."

"आबा, ते पाणी नाय. आभाळ हाय." आणि तिनं मोबाईल त्याच्या हातातच गर्रकन फिरवला.

मुंजाबानं पाहिलं. स्वतः मोबाईल फिरवून पाहिलं. मग त्याला असं हसू फुटलं की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. "आभाळ पाजलंस व्हय गं मेंढरांना! आँ? आभाळ पाजलंस!"

हसता हसताच त्यानं अजिनाथला फोन लावला. "ऐक रे, कोकरांचं तू बघ. व्हय, तूच. रत्नी हितंच ऱ्हाती. आरं, तिचा कळप आपल्याहून मोठा हाय!"

आतून पुंडलिक सरांचा आवाज आला, ते तिला हाक मारत होते. मुंजाबानं हातानंच तिला आत जायची खूण केली आणि तो पडेगावच्या दिशेनं चालू लागला, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत.