माफी मागितली ती वासंतीताईंनी

साकेतला काम मिळालं तेव्हा सुखदाने सगळ्या शाळेत पेढे वाटले होते. नोएडातल्या त्या विशेष शाळेत तिच्याकडे एकच काम होतं. अठरा ओलांडलेल्या मुलामुलींना फाटकाबाहेरच्या जगात कुठेतरी जागा मिळवून द्यायची. बोलायला सोपं होतं, पण दुकानदार, हॉटेलवाले सगळे "सोचके बताते हैं मैडम" म्हणून तिला वाटेला लावत. वर्ष सरत आलं तरी एकही मूल कुठे लागलं नव्हतं, आणि मुख्याध्यापिका आताशा तिला काही विचारतही नसत.

साकेत वीस वर्षांचा. ऑटिझम असलेला, मोजकं बोलणारा. पण हाताला असं वळण की सपाट पुठ्ठा घेतला आणि बघता बघता खोका उभा केला, एक कोपरा वाकडा नाही. फक्त कर्कश आवाज त्याला सोसत नसे. मिक्सर, ड्रिल असं काही सुरू झालं की तो कळवळायचा. म्हणून जाड निळे हेडफोन सदा कानांवर.

एका बेकरीचे मालक नीरज चौधरी यांनी भेटायला बोलावलं, त्या सकाळी कॅबमधून उतरता उतरता सुखदाने ते हेडफोन काढून आपल्या पर्समध्ये टाकले.

"आज नको रे. बरं दिसत नाही."

"कोई दिक्कत तो नहीं होती इसको?" नीरजनी विचारलं.

"बिल्कुल नहीं," सुखदा म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने साकेतला बजावलं, "बेकरीत हेडफोन घालायचे नाहीत. नियम आहे." त्याच्या आईला, वासंतीताईंनाही तिने तेच सांगितलं. असा कुठलाही नियम नव्हता. पण साकेतच्या लेखी नियम म्हणजे नियम.

सुरुवात छान झाली. खोक्यांचं टेबल दर्शनी भागात, काउंटरशेजारी होतं. मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि ते टेबल आत, कणीक मळणाऱ्या मोठ्या यंत्राला लागून सरकवलं गेलं. साकेतने दोन्ही हातांनी कान झाकले. सुपरवायझरला वाटलं, पोरगा काम टाळतोय. त्याने ते हात धरून खाली ओढले. साकेतने सगळं बळ लावून टेबल ढकललं, शेजारचा तापलेला ट्रे खाली आला आणि एका कामगाराचा पाय भाजला.

सुखदा पोचली तेव्हा साकेत मागच्या गल्लीत बसून कपाळावर मुठी मारत होता. तेवढ्यात गाझियाबादहून वासंतीताई आल्या. मुलाकडे जाण्याआधी त्या भाजलेल्या माणसाकडे गेल्या आणि त्याच्या पायाशी वाकल्या.

"भैया, मेरी ग़लती है. लाड़ किया, सिखाया कुछ नहीं."

नीरजपुढे हात जोडून त्यांनी तेच म्हटलं. मग सुखदाकडे वळल्या. "तुम्ही एवढी धडपड केलीत, आणि आम्ही तुम्हाला मान खाली घालायला लावली. माफ करा, मॅडम."

बोलायचं असतं तर तीच वेळ होती. नीरज समोर उभे होते.

"होतं असं, ताई," ती म्हणाली.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. डबा उघडला की ते वाकलेलं पाठमोरं रूप डोळ्यांपुढे येई आणि ती डबा तसाच मिटून ठेवी. साकेतचं काय चाललंय हे विचारायचा फोनही तिच्याने करवेना. शेवटी एका दुपारी ती त्यांच्या घरी गेली.

जिन्यातच तिला मिक्सरचा आवाज ऐकू आला. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्चीत साकेत बसला होता. कान उघडे, चेहरा घामाने डबडबलेला, बोटं खुर्चीच्या दांड्यांत रुतलेली. ओट्यापाशी वासंतीताई मिक्सरवर हात ठेवून उभ्या होत्या. भांड्यात नुसतं पाणी फिरत होतं.

"सवय लावतेय," मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "पुढे कुणी घेतलंच कामावर, तर पुन्हा असं नको व्हायला."

सुखदाने पुढे होऊन बटण बंद केलं.

"ताई, बेकरीत तसा काही नियम नव्हता. मालकांना हेडफोनचं ठाऊकच नव्हतं. मीच लपवलं. त्याला घेणार नाहीत, या भीतीने. आणि माझ्या नावावर एक तरी काम लागावं म्हणून."

वासंतीताईंनी मिक्सरवरचा हात काढला. "मी त्या माणसाच्या पायाशी वाकले, मॅडम. तुम्ही शेजारी उभ्या होतात."

"हो."

"मला काही सांगू नका आता. त्याला सांगा."

सुखदा खुर्चीसमोर खाली बसली. "साकेत, मी खोटं बोलले. नियम नव्हता."

"नियम नव्हता?"

"नव्हता."

"सुखदा मॅडम खोटं बोलल्या," साकेत म्हणाला. आवाजात राग नव्हता. आज मंगळवार आहे म्हणावं तसं. मग तो उठला, आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

तिथून ती थेट बेकरीत गेली. नीरजनी सगळं ऐकून घेतलं. "पहले बता देतीं तो मैं टेबल अंदर लगवाता ही नहीं," ते म्हणाले. "अब तो स्टाफ डरा हुआ है, मैडम." एवढंच होतं तर. एका वाक्याचं काम होतं, आणि ते तिने केलं नव्हतं.

पुढे साकेतचे वडील श्यामकांत यांनी घराजवळच मिठाईचे खोके बनवणारा एक छोटा कारखाना शोधला. सुखदा आधी एकटीच तिथे गेली आणि साकेतला काय जमतं, काय सोसत नाही, बेकरीत काय घडलं आणि कुणामुळे, हे तिने मालकाला सांगितलं. त्याने उठून आतली एक खोली उघडून दाखवली. "पीछे वाला कमरा शांत है," तो म्हणाला. "उधर बैठा देंगे."

मग साकेतच्या घरी बसून तिने आजवर न विचारलेला प्रश्न त्याला विचारला. "तुला जायचंय का तिथे?"

"हो."

"सुरुवातीला सोबत कोण हवं?"

"रेवती मॅडम." रेवती शाळेतली नवी शिक्षिका.

"आणि मी?"

"सुखदा मॅडम नको."

वासंतीताईंनी चहा पुढे केला.

साकेत कामावर रुजू झाला त्या दिवशी सुखदा शाळेतच थांबली. संध्याकाळी रेवती हसत हसत आली. दिवस चांगला गेला होता. मालकाने त्याच्या खोक्यांचा ढीग सगळ्यांना बोलावून दाखवला होता.

"माझं नाव काढलं का गं त्याने?" सुखदाने विचारलं.

"नाही," रेवती म्हणाली.

सुखदाने मान हलवली.