नावाड्याची जीभ

त्या गावात खाण्यापिण्याच्या एकाही जागेला पाटी नव्हती. पूर्वी होत्या, पण पाटी रंगवणाऱ्याला लाज कुठं असते? खानावळीनं ‘उत्तम जेवण’ लिहिलं, म्हणून चहावाल्यानं ‘सर्वोत्तम चहा’ लिहिला, म्हणून गुत्तेवाल्यानं ‘जगात एकमेव’ असं लिहून खाली बाण काढला. बाण नेमका नदीकडे. पाहुणे पाट्या वाचून आत जायचे आणि तोंडं वाकडी करून बाहेर यायचे. शेवटी गावानं एका दुपारी सगळ्या पाट्या उतरवल्या, त्यांच्या फळ्यांचा धक्क्यावर एक बाक केला आणि ठरवून टाकलं की कुठं खावं आणि कुठं प्यावं हे यापुढं फक्त नावाडी सांगेल. गावाला पूल नव्हता. यायचं तर नावेतूनच यायचं, आणि नावेत बसलेला माणूस पाणी बघून कंटाळला की विचारतोच, “काय हो, जेवायला चांगलं कुठं मिळेल?”

अटी दोनच होत्या. नावाड्यानं नावेत खरं सांगायचं आणि कुणाकडून फुकटचा घोटभर चहाही घ्यायचा नाही.

नावाडी तसा गप्प माणूस. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा दोर ताणलेला होता. तो दोन्ही हातांनी ओढत नाव पलीकडे न्यायची, बारा मिनिटं जायला, बारा मिनिटं यायला, हे त्याचं काम. पण कुणी विचारलंच तर तो न अडखळता सांगायचा. “जेवायला मावशीच्या खानावळीत. मासा आजचा आहे का ते विचारा, ती खोटं बोलत नाही, फार तर शिवी देईल. चहा घड्याळजीकडे. भिंतीवरची घड्याळं बघू नका, एकही बरोबर नाही. प्यायची असेल तर मास्तरच्या गुत्त्यात, पण दोनच पेले मिळतील. तिसऱ्याआधी तो एकोणिसाचा पाढा म्हणायला लावतो.” मास्तर शाळेतून निवृत्त झाला होता, पण शाळा त्याच्यातून निवृत्त झाली नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाला तो पाढा खरंच आला. मास्तरला इतकं भरून आलं की त्यानं चौथा पेलाही दिला आणि मग त्या गड्याला नावेत उचलून ठेवावं लागलं.

एकदा नावाड्यानं भर नावेत सांगितलं होतं, “आज मावशीचा भात करपलाय, तासाभरानं जा.” मावशी धक्क्यावर येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरून गेली. पण भात करपलाच होता, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच ते कबूल केलं. तेव्हापासून त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून जेवायला लागले.

असा हा सत्यवचनी माणूस रोज एकदा, न चुकता, खोटं बोलायचा. घरी. ताटावर.

त्याच्या बायकोच्या स्वयंपाकात मीठ असं असायचं की पहिला घास घेतला की जीभ टाळूला चिकटायची. रस्सा खारट, मासा खारट, उकडलेला बटाटासुद्धा खारट, आणि बटाट्यात ती मीठ कुठून घुसवायची ते तिचं तिलाच ठाऊक. नावाडी चार घास खायचा, दोन तांबे पाणी प्यायचा आणि म्हणायचा, “वा! तुझ्या हातासारखी चव कुठं नाही.” आता नीट ऐकलं तर यात खोटं काहीच नव्हतं. पण ज्या सुरात तो म्हणायचा, तो सूर खोटा होता. घरी येण्याआधी तो मावशीच्या मागच्या दारानं जाऊन, पैसे मोजून, पोटभर जेवून आलेला असायचा. कामाचा भाग म्हणून, चव तपासायला. वीस वर्षं तो चव तपासत होता. बायको बिचारी म्हणायची, “अहो, तुमचं पोटच चिमणीएवढं.”

गेल्या वर्षी मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि घर खायला उठलं. नावाडी दिवसभर नदीवर, आणि ही घरात भांड्यांशी बोलणार. मग एका सकाळी नावाडीण म्हणाली, “अहो, मी खानावळ काढते.”

नावाड्याच्या हातातली कपबशी तिथंच थांबली.

“आपली पुढची खोली मोठी आहे,” ती म्हणाली. “खिडकीतून नदी दिसते. वीस वर्षं तुम्ही माझ्या हाताचं कौतुक करताय, ते फक्त तुमच्याच पोटात का जावं?”

“अगं, पण दगदग किती होईल...”

“रिकामं बसून जी होते, ती जास्त आहे.” हे बोलताना तिचा आवाज जरा कापला, आणि नावाड्याचं उरलंसुरलं बळही गेलं. तिनं खोलीला पांढरा रंग काढला. तीन टेबलं आणि बारा खुर्च्या आणल्या, त्यातल्या दोन डुगडुगायच्या म्हणून त्यांच्या पायांखाली स्वतः लाकडाच्या चकत्या ठोकल्या. पडदे शिवले. तिला इतकं हसताना त्यानं मुलीच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं. पाटी लावायची सोयच नव्हती. “मला कशाला पाटी?” ती शेजारणीला म्हणाली. “माझी पाटी रोज बारा फेऱ्या मारते.”

पाटी मात्र पेचात सापडली होती. नावेत बायकोचं नाव घेतलं तर एकाच जेवणात गावाचा विश्वास बुडणार. नाही घेतलं तर बायको. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा दोर ओढतोय.

तो मास्तरकडे सल्ला मागायला गेला. मास्तरनं सगळं ऐकून घेतलं, पेला पुसला आणि म्हणाला, “हे बघ, बायकोसाठी माणसानं एकदा खोटं बोलायला हरकत नाही.”

“एकदा?” नावाडी म्हणाला. “मास्तर, मी वीस वर्षं दुसरं काय करतोय?”

पहिल्या दिवशी खानावळीत कुणी फिरकलं नाही. नावेत सातजणांनी विचारलं, सातही जण मावशीकडे गेले. संध्याकाळी नावाडी घरी आला तर बारा खुर्च्या तशाच, आणि ही दारात उभी. “आज गर्दी कमी होती,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आजचे लोक घरून डबे घेऊन आले होते.” तिसऱ्या दिवशी त्याला काही सुचलं नाही. तिनं विचारलंही नाही. फक्त सगळा रस्सा खिडकीतून नदीत ओतला.

चौथ्या दिवशी तिनं कामाची साडी बदलून चांगली नेसली, बाजाराला जाते म्हणून लवकरच्या फेरीनं पैलतीराला गेली, आणि दुपारच्या भरल्या नावेत, चौदा उतारूंमध्ये, पुढच्या फळीवर येऊन बसली. नावाड्यानं पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. नावेत एक पंपांचे सुटे भाग विकणारा होता, दोन मास्तरणी होत्या, एक बदकवाला होता, बदक होतं. बाकीचे नेहमीचे. ही नावाड्याची कोण, हे नेहमीच्यांना माहीत होतं. ते सगळे एकाएकी पाण्याकडे बघायला लागले.

नाव मध्यावर आली. ती मोठ्यानं म्हणाली, “काय हो नावाडी, जेवायला चांगलं कुठं मिळेल?”

दोर ओढणारे हात थांबले. नाव तिथंच डुलत राहिली. बदक एकदा ओरडलं. नावाड्यानं बायकोकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढी खात्री होती की त्याला स्वतःला नदीत ढकलून द्यावंसं वाटलं. एक शब्द बोलायचा होता. घरी रोज बोलतो तोच. पण नावेत त्याची जीभ त्या बाजूला वळेचना.

“मावशीच्या खानावळीत,” तो म्हणाला.

“आणि दुसरं कुठं?”

“दुसरं...” त्यानं दोर पुन्हा ओढायला घेतला. “दुसरं नाही.”

पंपवाल्यानं आपली पेटी उगाचच उघडून बंद केली. धक्का आला तशी ती सगळ्यांच्या आधी उतरली, घराकडे वळली नाही, सरळ मावशीच्या खानावळीत जाऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, वाढा.” मावशीनं निमूट वाढलं. एरवी ती वाढताना दोन शिव्या फुकट देते, पण त्या दिवशी तिनंही तोंड मिटून ठेवलं.

संध्याकाळी नावाडी घरी आला तो चोरासारखा. भांडण होईल, भांडी उडतील, ती मुलीकडे निघून जाईल, याची तयारी करून आला होता. तिनं त्याला ताट वाढलं. समोर बसली.

“खा. आणि इथं नावेत बसल्यासारखं सांगा.”

त्यानं घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिठानंही आणि लाजेनंही. “खारट आहे,” तो म्हणाला. “खूपच. पहिल्यापासूनच आहे.”

“मला माहीत आहे.”

“काय?”

“मला माहीत आहे खारट आहे ते! माझ्या तोंडात काय लाकडाची जीभ आहे?” आता मात्र ती भडकली. “लग्नानंतर आठ दिवसांत माझ्या हातून मिठाची बरणी सुटली रश्श्यात. मी भीत भीत वाढलं, आणि तुम्ही म्हणालात वा! मला वाटलं, यांना असंच आवडतं. मग रोज मोजून तेवढंच घालायला लागले. बरणी सुटल्याएवढं! मला एक घास जात नव्हता. तुम्ही हात धुऊन नावेवर गेलात की मी माझ्यापुरतं वेगळं करून खाते, पोर होती तेव्हा तिलाही तेच घालायचे. वीस वर्षं.”

नावाड्याचा घास हातातच राहिला. एकाच घरात दोन माणसं एकमेकांपासून चोरून जेवत होती आणि मध्ये ठेवलेलं ताट कुणालाच नको होतं.

“मग खानावळीत तरी...” त्यानं घास ताटात ठेवला. “खानावळीत तू तुझ्या चवीचं का नाही केलंस?”

“कारण अख्खं गाव तुमच्या जिभेवर जेवतं!” ती म्हणाली आणि रडायला लागली. “मला वाटलं, एवढे लोक तुमचं ऐकतात, तर तुमचंच बरोबर असणार. माझीच जीभ बिघडलेली असणार. आज मावशीकडे जेवले, अन् तिथंही मीठ मी माझ्यापुरतं घालते तेवढंच. अहो, बाकीचे नवरे घरात खरं बोलतात आणि बाहेर थापा मारतात, संसार चालतात त्यांचे. तुम्ही उलटं केलंत. वीस वर्षं मी माझीच जीभ खोटी धरली.”

त्याला क्षमा मागायची होती, पण ‘चुकलो’ हा शब्द इतका लहान वाटला की त्यानं तो गिळला. मग म्हणाला, “तू तुझ्यापुरतं करतेस ते... मला देशील?”

“नाही देणार,” ती म्हणाली आणि डोळे पुसून ताट उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला पंपवाला परत आला. त्याचा माल आदल्या दिवशी कुणी घेतला नव्हता. मध्यावर आल्यावर त्यानं जरा बिचकतच विचारलं, “आजही मावशीकडेच का?”

“मावशीकडे चांगलं मिळतं,” नावाडी दोर ओढत म्हणाला. “आणि धक्क्यावरून डावीकडे तिसरं घर, खिडकीला निळे पडदे. ती माझ्या बायकोची खानावळ. तिथलं जेवण कसं असतं ते मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे?”

“मी तिच्या हातचं कधी जेवलेलोच नाही.”

नावेत हशा पिकला. पण याचा चेहरा बघून तो हळूहळू ओसरला. पंपवाल्याला नाहीतरी गावात दुसरं काम नव्हतं. तो निळ्या पडद्यांकडे वळला. बदक न खपलेला बदकवालाही नावेत होता, तो म्हणाला, आपणही बघू या. दोघं नेहमीचे नुसती मजा बघायला मागून निघाले. नावाड्यानं नाव बांधली, पुढची फेरी आहे हे विसरला आणि जाऊन आपल्याच घराच्या दाराशी चौकटीला टेकून उभा राहिला.

तिनं वाढलं. रस्सा ताटाबाहेर सांडला. पंपवाला जेवत होता. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिऱ्हाइकालाच विचारलं, “कसं झालंय? खरं सांगा.”

पंपवाल्यानं विचार केला. “ठीक आहे,” तो म्हणाला. “रस्सा जरा पातळ वाटतो. मासा मात्र झकास.”

“पातळ?” ती म्हणाली. “पातळ आहे?” आणि तिचा चेहरा असा फुलला की पंपवाला घाबरला, आपण चुकून भलतंच काही बोललो की काय. तिनं त्याच्या ताटात न विचारता आणखी एक मासा घातला. “उद्या दाट करते. पातळच आहे जरा, बरोबर आहे तुमचं.”

नेहमीचे दोघं जेवून बोटं चाटत गेले. बदकवाल्यानं बदकालाही भात घातला. खोली रिकामी झाली तेव्हा नावाडी आत आला आणि दाराजवळच्या टेबलाशी, हात मांडीवर ठेवून, गिऱ्हाइकासारखा बसला. ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. मग तिनं ताट आणून त्याच्यापुढं आपटलं.

“जेवा. पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही. तुमच्या जिभेचं मला काही ऐकायचं नाही.”

तो जेवला. पहिल्या घासालाच त्याला कळलं की बायकोच्या हातचं इतकं चांगलं जेवण वीस वर्षं त्याच्याच स्वयंपाकघरात, तो नदीवर गेल्यावर, शिजत होतं. मावशीकडचंही इतकं चांगलं नव्हतं. हे सांगावं म्हणून त्याचा जीव तळमळला. धक्क्यावर लोक नावेसाठी हाका मारत होते. त्यानं ताटातला शेवटचा घास संपवला, तोंड घट्ट मिटलं, आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

तिनं थोडा वेळ त्याला तसंच ताट धरून बसवलं. मग वाढलं.